घरचे यंत्र : क्लच घसरतो तेव्हा



ह्या सदरात आजवर आम्ही पाण्याचा पंप, शिलाईयंत्र व गॅसची शेगडी ह्यांविषयी लिहिले. मोटारसायकलीचा विषय मात्र मुद्दाम टाळीत आलो. ज्या घरी मोटारसायकल असते त्या घरी तिच्याविषयी आम्हांहून अधिक जाणणारा एखादा तरुण बहुधा असतोच, आणि धर्मगुरूने त्याला शहाणपण शिकवावे हे त्यास रुचत नाही. परंतु गेल्या पावसाळ्यानंतर आमच्या धर्मग्रामात जे घडले त्यामुळे ह्या विषयावर लेखणी उचलणे आम्हांस भाग पडले. ज्या दोघांचा ह्या हकिकतीशी संबंध आहे त्यांची संमती घेऊनच आम्ही ती सांगत आहो. तिसरा संबंधित मनुष्य आम्ही स्वतःच. त्याची संमती मिळविण्यास जरा अधिक वेळ लागला.

आमच्याकडील एक तरुण गोव्यात साखळीजवळ एका कारखान्यात कामाला आहे. शनिवारी काम सुटले की तो केरीवरून चोर्ला घाट चढून घरी येतो आणि सोमवारी पहाटे परत जातो. गतवर्षी त्याने एक वापरलेली बुलेट विकत घेतली. ‘बुलेट ट्रायल्स’ ह्या नावाची ही गाडी कंपनीने २०१९ मध्ये बाजारात आणली होती. थोड्याच काळाने तिची विक्री थांबली. ३४६ सी.सी.चे इंजिन, वर उचललेला सायलेन्सर, खडबडीत नक्षीचे टायर आणि मागच्या बैठकीऐवजी सामान बांधण्याची लोखंडी जाळी, असे तिचे रूप. आईला मागे बसवून मिस्सेला आणता येत नाही, म्हणून त्या माउलीने त्या गाडीला अद्याप मनापासून घरात घेतलेले नाही.

एका शनिवारी घाटाच्या मध्यावर ह्या गाडीने अचानक दगा दिला. तरुणाने मूठ पिळली. इंजिन ओरडू लागले, परंतु गाडी पुढे जाईना. जितकी मूठ अधिक पिळावी तितका आवाज वाढे आणि वेग उतरे. मागे मालाने भरलेला ट्रक होता. वळणावर ट्रकचालकाने कर्कश भोंगा दिला तेव्हा ह्याने गाडी कशीबशी कडेला, गटाराच्या तोंडापर्यंत नेली. अर्धा तास थांबून, इंजिन निवल्यावर, खालच्या गिअरात हळूहळू तो घरी पोचला. पुढच्या शनिवारी त्याच घाटात तेच घडले.

शहरातल्या एका गॅरेजात त्याने गाडी दाखविली. तेथे दोन मिनिटांत निकाल मिळाला : “क्लच गेला. प्लेटा, स्प्रिंगा, हौसिंग, सगळा सेट बदलावा लागेल.” जी रक्कम सांगण्यात आली ती जवळजवळ तेवढीच होती, जेवढी त्याच्या आईने धाकट्या मुलीच्या नर्सिंगच्या शिक्षणाच्या दुसऱ्या हप्त्यासाठी बाजूला ठेवली होती. वर एक प्रश्नही आला, “ह्याआधी गाडीला हात कोणी लावला होता?” हात लावला होता आमच्या गावच्या मिस्त्रींनी. तरुण तडक त्यांच्या शेडवर गेला आणि चार माणसांदेखत म्हणाला, “काका, तुम्ही माझ्या गाडीची वाट लावलीत.” मिस्त्री काहीच बोलले नाहीत. ते बोलले नाहीत, ह्यालाच सर्वांनी कबुली मानले.

आणि येथे आमचा भाग येतो. तो तरुण आमच्याकडे रडकुंडीला येऊन गेला. दुसऱ्या दिवशी मिस्सा आटोपल्यावर चर्चच्या दारात मिस्त्री भेटले, तेव्हा त्यांची बाजू न ऐकताच आम्ही त्यांना म्हणालो, “मिस्त्री, गरिबाच्या वस्तूला हात लावताना जपावे.” ते एवढेच म्हणाले, “होय, फादर,” आणि चपला घालून निघून गेले. आमच्या गायनवृंदात तबल्यावर तेच बसतात. पुढचे तीन रविवार तबला कापडाखाली झाकलेला राहिला.

आता गाडीकडे वळू. प्रथम त्या तरुणाच्या आईने आम्हांस विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देतो, कारण तो प्रश्न आणखी कित्येकांना पडला असेल : ‘ट्रायल्स’ म्हणजे काय? ही शर्यत नव्हे. येथे वेगाला मान नाही. दगडधोंडे, ओढे, चिखल, झाडांची मुळे ह्यांतून आखून दिलेल्या अरुंद वाटेने गाडी न्यायची आणि पाय जमिनीला टेकू द्यायचा नाही. एकदा पाय टेकला तर एक गुण दंड, दोनदा टेकला तर दोन, तीन वा अधिक वेळा टेकला तर तीन; गाडी पडली किंवा वाटेबाहेर गेली तर पाच. ज्याचा दंड सर्वांत कमी तो जिंकला. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात, फोर्ट विल्यम गावाच्या परिसरात होणारी सहा दिवसांची स्पर्धा ह्या प्रकारात जुनी व मानाची समजली जाते. आमच्या वाचकांस नवल वाटेल, परंतु १९५२ आणि १९५७ अशा दोन्ही वर्षी ती स्पर्धा जॉनी ब्रिटन ह्या इंग्रज स्वाराने ३५० सी.सी.च्या रॉयल एन्फिल्ड बुलेटवर जिंकली होती. हीच बुलेट १९५५ पासून मद्रासेत जुळविली जाऊ लागली व पुढे तेथेच पूर्णपणे बनू लागली. त्या जुन्या पराक्रमाच्या स्मरणार्थच २०१९ च्या गाडीला ‘ट्रायल्स’ हे नाव मिळाले.

अर्थात नावाने कोणी पैलवान होत नाही. १९६५ मध्ये सॅमी मिलर ह्या स्वाराने बुल्टॅको नामक हलक्या स्पॅनिश गाडीवर तीच स्पर्धा जिंकली आणि तेथून पुढे जड गाड्यांचा काळ सरला. आजची खरी ट्रायल्सची गाडी सुमारे ७० किलो वजनाची असते. तिच्यावर धड बैठकही नसते, स्वार उभाच असतो. आमच्या तरुणाची बुलेट १८० किलोंहून अधिक आहे. तिने चोर्ला घाट नीट चढावा एवढीच आमची तिच्याकडून अपेक्षा.

परंतु ट्रायल्सच्या खेळाकडून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. ह्या खेळातील स्वाराचे एक बोट सदैव क्लचच्या दांडीवर असते. दगडाच्या माथ्यावर गाडी क्षणभर तोलून धरायची असेल तर तो क्लच अर्धवट दाबून इंजिनाचा जोर हवा तेवढाच चाकापर्यंत जाऊ देतो. म्हणजे तो क्लच मुद्दाम घसरवितो. म्हणून क्लच घसरणे हा मुळात दोष नव्हे. ते त्याचे कामच आहे. स्वाराने सांगितले नसताना तो घसरू लागला की दोष. ह्या खेळातील जाणते स्वार म्हणूनच एका प्रश्नापासून आरंभ करतात : दांडीवर माझे बोट नाही, तर मग आतून क्लच दाबून कोण धरतो आहे?

हा प्रश्न समजण्यासाठी क्लचची रचना ठाऊक हवी. भगिनींनी भाकऱ्यांची चळत डोळ्यांपुढे आणावी. प्रत्येक दोन भाकऱ्यांमध्ये एक पान घातले आहे, आणि वर जड पाटा ठेवून ती चळत दाबली आहे. भाकऱ्या म्हणजे खरखरीत अस्तराच्या प्लेटा. त्यांच्या कडेला दाते असतात आणि त्या इंजिनाबरोबर फिरणाऱ्या भांड्यात अडकलेल्या असतात. पाने म्हणजे पोलादी प्लेटा. त्या आतल्या बाजूने गिअरबॉक्सच्या दांड्याला जोडलेल्या असतात. पाट्याचे काम स्प्रिंगा करतात. चळत घट्ट दाबलेली असली की भाकऱ्या व पाने एकत्र फिरतात आणि इंजिनाचा जोर चाकाकडे जातो. आपण दांडी ओढली की पाटा किंचित उचलला जातो, चळत सैल होते आणि इंजिन एकटेच फिरत राहते. मोटारसायकलींत ही सगळी चळत बहुधा तेलात बुडालेली असते. ही शेवटची गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी.

ह्यावरून दिसेल की क्लच आपण होऊन घसरतो तो तीनच परींनी : पाटा पुरता टेकत नाही, पाट्याचे वजन कमी पडते, किंवा भाकऱ्या-पानांच्या मध्ये काही बुळबुळीत आले आहे. प्लेटा झिजणे हे पहिल्या दोहोंकडे नेणारे एक कारण झाले, एकमेव कारण नव्हे. गॅरेजवाल्याने ज्या सेटचा भाव सांगितला तो ह्या तिन्ही शक्यतांवर सरसकट फिरविलेला नांगर होता.

त्याहूनही आधी, दोष क्लचचाच आहे ना, हे पाहावे. चढावर गाडी मंदावली आणि इंजिनाचा आवाजही खाली गेला, तर इंजिन अशक्त आहे. क्लचला दोष देऊ नये. आवाज चढला आणि गाडी मात्र मंदावली, तर क्लच. चिखलात आवाज चढला तर मागचे चाक जागीच फिरते आहे काय ते पाहावे. मागून खटखट आवाज येऊन धक्का बसत असेल तर सैल चेन दात्यांवरून उडी मारीत असेल. गिअर पुरता न पडता मधेच सुटत असेल तरी इंजिन एकाएकी ओरडते, परंतु ते एकदम ओरडते. क्लच घसरताना आवाज हळूहळू चढत जातो. ह्याच्या उलट, दांडी पूर्ण ओढूनही गाडी पुढे सरकते, न्यूट्रल सापडत नाही, गिअर टाकताना धाडकन आवाज होतो, तर क्लच घसरत नसून अडकत आहे. त्याचे उपाय बरोबर उलटे असतात. एका गृहस्थांनी अडकणारा क्लच घसरतो असे समजून तार ढिली केली आणि दुसऱ्या दिवशी चौकात त्यांची गाडी पुढच्या रिक्षेला जाऊन भिडली.

खात्री करून घेण्याचा मार्ग सोपा आहे. मोकळ्या, सपाट रस्त्यावर वरच्या गिअरात ताशी ५० किलोमीटरच्या सुमारास गाडी चालवावी आणि मूठ एकदम पूर्ण उघडावी. निरोगी गाडी सावकाश पण निश्चयाने वेग घेते. क्लच घसरत असेल तर आवाज पुढे धावतो आणि वेग मागे राहतो. वरचाच गिअर का? कारण त्या गिअरात क्लचवर येणारा भार इंजिनाला चुकविता येत नाही. खालच्या गिअरात तोच आजारी क्लच ठणठणीत असल्यासारखा वागतो. ही परीक्षा एकदाच, फार तर दोनदा घ्यावी. पुन्हापुन्हा करून पाहणारा मनुष्य तपासता तपासता प्लेटा जाळून बसतो. जुन्या लोखंडी इंजिनाची बुलेट ज्यांच्याकडे आहे त्यांना आणखी एक खूण मिळते. तिच्यात किकचा जोर गिअरबॉक्समधून व क्लचमधूनच इंजिनाला पोचतो. किक मारताना पाय अडखळल्याविना खाली गेला तर क्लचकडे संशयाने पाहावे.

आम्ही त्या तरुणाच्या गाडीवर बसून ही परीक्षा घेतली. वयाच्या ह्या टप्प्यावर झगा सावरून बुलेट चालविताना आम्हांस पाहून शाळेची मुले कुंपणावर चढली होती. क्लच घसरत होता, निःसंशय.

मग दांडीपासून सुरुवात केली. दांडीच्या मुळाशी किंचित ढिलेपणा असलाच पाहिजे. दांडी दोन ते तीन मिलिमीटर सहज हलावी आणि त्यानंतर तारेचा ताण लागावा. हा ढिलेपणा नसेल तर तार सदैव थोडी ओढलेली असते, जणू कोणी अदृश्य मनुष्य अष्टौप्रहर एक बोट दांडीवर ठेवून बसला आहे. येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. प्लेटा झिजल्या की दांडी ढिली होईल, असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः उलटे घडते. चळत पातळ झाली की पाटा आत सरकतो, आपल्याबरोबर तारेचे टोक ओढून घेतो, आणि दांडीतला ढिलेपणा नाहीसा होतो. म्हणून ज्या गाडीची तार वर्षभर कोणी पाहिलेली नाही ती गाडी निव्वळ तेवढ्याने घसरू लागते, आणि तिचा इलाज म्हणजे पान्याचे दोन फेरे. ह्याला दमडी लागत नाही.

ट्रायल्सच्या गाडीत ह्या बाबतीत एक विशेष खोड असते. तिचे हँडल रुंद व उंच, आणि ते पूर्ण डावीकडे-उजवीकडे वळवावे लागण्याचे प्रसंगही फार. हँडल सरळ असताना तार ढिली असते, पण पूर्ण वळविले की ताणली जाते. म्हणून ढिलेपणा तीनदा पाहावा : हँडल सरळ, पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे, आणि तोही इंजिन गरम असताना. शिवाय तारेचे बाहेरचे आवरण कोठे दबले आहे काय, आतली तार कुसळासारखी फुटली आहे काय, दांडी सोडल्यावर ती चटकन परत येते की आळसावून येते, हेही पाहावे. नव्या स्पर्धेच्या गाड्यांना तारच नसते. तेथे ब्रेकप्रमाणे नळीतून द्रव दाब देतो. तेथेही दांडीला किंचित ढिलेपणा लागतोच. तो नसेल तर दांडीजवळच्या टाकीकडे परत जाण्याचे बारीक भोक बंद राहते, उष्णतेने फुगलेल्या द्रवाला वाट मिळत नाही आणि तो स्वतःच क्लच दाबू लागतो. गाडी थंड असताना चांगली व तापल्यावर घसरते, अशी तक्रार असेल तर तेथे प्रथम हे पाहावे.

तरुणाच्या गाडीचे हँडल उजवीकडे वळविले आणि ढिलेपणा नाहीसा झाला! आम्हांस कोण आनंद झाला. तार दुसऱ्या वाटेने ओवली, पेच सैल केला, ढिलेपणा तीन मिलिमीटर ठेवला, आणि विजयी मुद्रेने त्याला घाटाकडे पाठविले. तासाभराने तो परत आला. “फादर, थोडा फरक आहे. पण घसरतोच.” आमचे निदान चुकले नव्हते; ते अपुरे होते. एक दोष सापडला की शोध थांबवावा असे मनाला वाटते, आणि तेथेच मनुष्य फसतो.

सेमिनरीत आम्हांस तर्कशास्त्र शिकविणारे एक वृद्ध धर्मगुरू फळ्यावर दोन चित्रे काढीत : कोंबडा आरवतो, सूर्य उगवतो. एकामागून दुसरे घडले म्हणून पहिले दुसऱ्याचे कारण ठरत नाही, हे आमच्या डोक्यात भरविण्यासाठी त्यांनी वर्ष खर्ची घातले. मिस्त्रींनी हात लावला आणि मग गाडी घसरली, म्हणून मिस्त्रींनी बिघडविली. हा कोंबड्याचाच तर्क होता, आणि चर्चच्या दारात आम्ही स्वतःच तो वापरला होता. तथापि त्या गुरुजींनी हेही शिकविले होते की क्रम हे कारण नसले तरी शोध कोठून आरंभावा ते क्रम सांगतो. म्हणून आम्ही अंगणातल्या दगडावर बसलो आणि त्या तरुणाला, प्रायश्चित्त संस्काराच्या वेळी विचारतो तितक्याच शांतपणे, विचारले, “गाडी पहिल्यांदा घसरली त्याआधीच्या पंधरवड्यात काय काय बदलले? कोणी बदलले ते सांगू नकोस. काय बदलले तेवढेच सांग.”

तो म्हणाला, “काही नाही, फादर. नुसते तेल बदलले. तुम्हीच दिलेले ते.”

वाचकहो, आम्ही काही वेळ काहीच बोललो नाही. आमच्या गावच्या कॉन्व्हेंटमधील भगिनींकडे बिनगिअरची एक स्कूटर होती. ती जाऊन विजेवर चालणारी आली तेव्हा जुन्या स्कूटरसाठी आणून ठेवलेले तेलाचे चार बंद डबे त्यांनी आमच्या कोठीत ठेवले. नवे, न उघडलेले तेल वाया जाऊ नये ह्या सद्हेतूने त्यातील तीन आम्ही ह्या तरुणाला दिले आणि सांगितले, “मिस्त्रींना म्हणावे, हेच घाला.”

आता चळत तेलात बुडालेली असते ह्या गोष्टीकडे परत येऊ. मोटारसायकलीच्या तेलाला दोन परस्परविरोधी कामे करावी लागतात : इंजिनात घर्षण कमी करायचे आणि क्लचमध्ये ते टिकू द्यायचे. मोटारगाडीचा क्लच तेलात नसतो. म्हणून मोटारींच्या काही नव्या पातळ तेलांत पेट्रोल वाचावे ह्यासाठी घर्षण आणखी घटविणारी द्रव्ये घालतात, आणि ती मोटारसायकलीच्या प्लेटांना घातक ठरू शकतात. बिनगिअरच्या स्कूटरचाही क्लच कोरडा, तेलाबाहेर असतो. हा घोळ टाळण्यासाठी जपानच्या वाहन-मानक संस्थेने १९९८ मध्ये ‘जासो’ ह्या नावाने मोटारसायकलींच्या तेलांचे वर्ग पाडले. एमए वर्गाचे तेल तेलात बुडालेल्या क्लचसाठी, घर्षण राखणारे. पुढे त्यातच एमए१ व एमए२ हे पोटवर्ग झाले. एमबी वर्गाचे तेल कमी घर्षणाचे, बिनगिअरच्या स्कूटरसारख्या वाहनांसाठी. डब्याच्या मागच्या बाजूस ही अक्षरे बारीक ठशात छापलेली असतात. तेलाच्या दाटपणाचे आकडे त्याहून वेगळे. ह्या बुलेटला १५डब्ल्यू-५० लागते, तर स्कूटरचे बहुधा १०डब्ल्यू-३०. आकडे जुळले म्हणजे काम झाले असे नव्हे, अक्षरेही पाहावीत.

रिकामे डबे मिस्त्रींच्या शेडवर असणार, म्हणून आम्ही दोघे तेथे गेलो. डबे हवेत म्हणताच ते आत गेले, खिळे ओतून एक डबा रिकामा केला, फडक्याने पुसला आणि आमच्यापुढे ठेवला. मागच्या बाजूस एमबी ही अक्षरे स्वच्छ वाचता येत होती.

“तुम्हांला हे ठाऊक होते, मिस्त्री?”

“होते, फादर.”

“मग तुम्ही बोलला का नाहीत?”

ते खाली पाहत म्हणाले, “पोरगा म्हणाला, फादरांनी दिलंय, हेच घाला. मी काय बोलणार? आणि मागाहून बोललो असतो तर चारचौघांत फादरांचं नाव घ्यावं लागलं असतं.”

आम्ही त्या तरुणादेखत त्यांची क्षमा मागितली. तरुणानेही मागितली, त्याला ते आमच्याहून अवघड गेले, कारण तो चार माणसांसमोर बोलला होता आणि त्या चार जणांना त्याने त्याच संध्याकाळी एकेकाच्या घरी जाऊन खरे सांगितले. आम्ही पुढच्या रविवारी, ज्या दारात बोललो होतो त्याच दारात उभे राहून सांगितले. मिस्त्रींची तक्रार एवढीच होती की आम्ही हे फार मोठ्याने सांगितले.

दुरुस्तीची हकिकत थोडक्यात. मिस्त्रींनी ते तेल काढून एमए२ वर्गाचे १५डब्ल्यू-५० तेल घातले. फरक पडला, पण घाटात तापल्यावर गाडी अजून किंचित घसरे. प्लेटांच्या अस्तरात मुरलेले तेल एका फेरीत निघत नाही. तेव्हा त्यांनी झाकण उघडले. येथे त्यांचे काम पाहण्यासारखे होते. स्प्रिंगा काढून त्यांनी त्या काचेवर ओळीने उभ्या केल्या; सर्वांची उंची सारखी भरली. एखादी बसकी निघाली असती तर सगळ्याच बदलाव्या लागल्या असत्या. पोलादी प्लेटा एकेक करून काचेवर ठेवून खाली पातळ पट्टी सरकते काय ते पाहिले, म्हणजे वाकल्या आहेत की नाहीत ते कळते. त्यांच्यावर जळल्याची निळी झाक कोठेच नव्हती. अस्तराच्या प्लेटांची जाडी मोजली. ती कंपनीने सांगितलेल्या मर्यादेत होती. भांड्याच्या खाचांतही दात्यांचे खोल वळ उठलेले नव्हते. सर्व प्लेटा धुऊन, वाळवून, नव्या तेलात रात्रभर भिजवून त्यांनी परत बसविल्या. कोरड्या बसविल्या तर पहिल्याच चढावर जळतात, असे ते म्हणाले. खर्च झाला तो दोन वेळच्या तेलाचा आणि झाकणाखालच्या गॅस्केटचा. मजुरी त्यांनी घेतली नाही. तेलाचे पैसे आम्ही दिले. ते आमच्याच खात्यातले होते.

उशीर झाला असता तर मात्र गॅरेजवाल्याचे म्हणणे खरे ठरले असते. घसरणारा क्लच आणखी दोन महिने तसाच दामटला असता तर प्लेटा खरोखरच जळाल्या असत्या, आणि हप्त्याची रक्कम तेथे गेली असती. घसरण जाणवली की त्या दिवसापासून वरच्या गिअरात मूठ पिळू नये, जड सामान नेऊ नये, आणि घाट तर चढूच नये.

त्या शनिवारी तरुण केरीहून निघाल्याचा फोन आला तेव्हा मिस्त्री आमच्याच ओसरीवर होते. घाटाला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ ते चहाचा पेला हातात धरून बसले. चहा निवून गेला. गाडीचा आवाज वळणावर आला तेव्हा ते कान देऊन म्हणाले, “पाचव्यात आहे,” आणि निवलेला चहा पिऊन टाकला. मुलीचा हप्ता वेळेवर भरला गेला. तबल्यावरचे कापड निघाले आहे.

चौथा डबा अजून आमच्या कोठीत आहे. ज्यांच्याकडे बिनगिअरची स्कूटर असेल त्यांनी येऊन घेऊन जावा; डब्यामागची अक्षरे मात्र आपल्या गाडीच्या पुस्तिकेशी स्वतः ताडून पाहावीत. पुढील अंकी चेन आणि तिचा ताण. ज्या भगिनींनी शिलाईयंत्राच्या सुईविषयी विचारले आहे त्यांना निराळे पत्र धाडले आहे.